संत्रा नर्सरीचं पान वेबफ्लोवर: पहिल्यांदाच करणाऱ्यांसाठी

जून लागला की वरूड-मोर्शी पट्ट्यात संत्रा नर्सरीवाल्याचा फोन दिवसभर थांबत नाही. "भाऊ, कलमं जंबेरीवरची हायेत का रंगपूरवरची?" "एका एकराले किती लागतीन?" "कायच्या भावानं देता?" "गाडी तुमची का आमची?" (जंबेरी आणि रंगपूर ही खुंटांची नावं, ज्यांवर संत्र्याचा डोळा भरून कलम करतात.) प्रश्न तेच, विचारणारे रोज नवे. या लेखात अशाच एका नर्सरीचं वेबपेज वेबफ्लो या ओढून पान बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत करू. नर्सरी उदाहरणापुरती आहे. तुमचं कृषी केंद्र असो, झाडीपट्टीतली नाटक मंडळी असो की भिवापुरी मिरचीचा धंदा, पायऱ्या त्याच राहतात.

पान एकच करायचं, पण ते बोटाला प्रतिसाद देणारं हवं. टॅब दाबला की तक्ता बदलला पाहिजे, प्रश्न दाबला की खाली उत्तर उघडलं पाहिजे, बटण दाबलं की व्हॉट्सॲप सुरू झालं पाहिजे. हे सगळं कोड न लिहिता होतं. मात्र कोड लिहायचा नाही म्हणजे समजून घ्यायचं काहीच नाही, असं समजू नका. तिथेच नवी माणसं अडकतात.

कोणतं सॉफ्टवेअर

माउसने ओढून पान बनवायची सॉफ्टवेअरं जुनीच आहेत. मायक्रोसॉफ्टचं फ्रंटपेज नव्वदच्या दशकातलं, मॅक्रोमीडियाचं ड्रीमविव्हर १९९७ चं. तालुक्याच्या ठिकाणी एमएस-सीआयटीनंतर वेब डिझाइनचा कोर्स केलेल्यांच्या वहीत ही नावं अजून सापडतील. त्याच वहीत फ्लॅशही असेल. फ्लॅश ३१ डिसेंबर २०२० ला कायमचं बंद झालं, त्यामुळे हलत्या वेबपेजसाठी कोणी आजही फ्लॅश शिकवत असेल तर फी वाचवा.

आज पर्याय भरपूर आहेत. नुसता फोटो, पत्ता आणि फोन नंबर टाकायचा असेल तर गूगल साइट्सवर तासाभरात काम होतं, पुढचं वाचायचीही गरज नाही. वर्डप्रेस हे साइट चालवायचं सॉफ्टवेअर आणि त्यात ओढून पान मांडायला एलिमेंटॉर ही जोडी चांगली आहे, पण होस्टिंग (साइट ठेवायची जागा), अपडेट, प्लगइन (जोडसाधनं) हे मागे लागतं. शिकायचंच असेल तर मी वेबफ्लो सुचवतो. फुकट खात्यात एक छोटं पान आरामात बसतं. शिवाय त्यातल्या पट्ट्यांची नावं एचटीएमएल आणि सीएसएस या वेबपेज लिहायच्या भाषांमधलीच असल्याने इथे शिकलेलं दुसऱ्या कुठल्याही साधनात उपयोगी पडतं.

वेबफ्लो ब्राउझरमध्ये चालतं. लॅपटॉप किंवा डेस्कटॉप लागेल, मोबाईलवर डिझाइन करता येत नाही. चार जीबी रॅमवर चालतं, पण मग बाकीचे टॅब बंद ठेवा. नेटसाठी फोनचा हॉटस्पॉट पुरतो. लाइट जाणाऱ्या गावात लॅपटॉपची बॅटरी धड असलेली बरी. काम आपोआप साठत जातं, पण नेट तुटलेलं असताना केलेले बदल राहतीलच याचा भरवसा धरू नका.

आधी कागद

लॅपटॉप उघडण्याआधी कागदावर दोन गोष्टी करा. पहिली, गिऱ्हाईक फोनवर जे विचारतं ते त्याच्याच शब्दांत लिहून काढा. नर्सरीवाल्याजवळ अर्धा दिवस बसलात तर यादी आपोआप तयार होते. वर लिहिलेले चार प्रश्न, त्यात "डोळा किती उंचीवर भरला?", "परवाना आहे का?" आणि "नर्सरी नेमकी कुठं?" एवढे धरले की पान झालंच म्हणा. पानावरचा प्रत्येक टॅब, प्रत्येक बटण यांपैकी एखाद्या प्रश्नाचं उत्तर असलं पाहिजे. ज्या हलत्या गोष्टीमुळे एकही फोन वाचत नाही ती काढून टाका. सरकते बॅनर, उडती पानं, पान उघडल्यावर फिरणारं चक्र हे मालकाला आवडतं, गिऱ्हाईकाचा डेटा खातं.

दुसरी, त्याच कागदावर फोनच्या आकाराचा उभा चौकोन काढून वरून खाली काय काय येणार ते मांडा. वर नर्सरीचं नाव आणि व्हॉट्सॲपचं बटण, मग कलमांचे फोटो, मग लागवडीच्या अंतराचे टॅब, मग प्रश्नोत्तरं, शेवटी पत्ता आणि परवाना क्रमांक. परवाना खाली असला तरी चालेल, पण तो हवाच. महाराष्ट्रात फळझाडांची रोपं विकायला १९६९ च्या फळरोपवाटिका कायद्याखाली परवाना लागतो आणि जाणता शेतकरी तो विचारतोच.

आता मजकूर. बहुतेक धंद्यांकडे जुनं पत्रक असतं, डीटीपीवाल्याने कृतीदेव किंवा श्रीलिपीत टाइप केलेलं. त्याची फाइल मिळाली म्हणून खूश होऊन मजकूर तसाच चिकटवू नका. कृतीदेवमध्ये पडद्यावर 'संत्रा' दिसत असला तरी आत रोमन अक्षरं आणि चिन्हांची खिचडी असते. वेबपेजवर ती खिचडीच दिसेल आणि गूगलला ती कधीही सापडणार नाही. मजकूर युनिकोडमध्येच हवा, म्हणजे कुठल्याही फोनवर तीच अक्षरं दिसतील अशा पद्धतीत. कन्व्हर्टर मिळतात, पण रफार, जोडाक्षरं आणि आकडे हमखास बिघडतात, म्हणून ओळ न् ओळ वाचून काढावी लागते. पत्रक दोन पानांचं असेल तर फोनवर जीबोर्ड या गूगलच्या कीबोर्डने नव्याने टाइप केलेलं लवकर उरकतं. स्वतःला व्हॉट्सॲप करा, तिथून लॅपटॉपवर घ्या.

खातं आणि पडदा

वेबफ्लोवर ईमेल देऊन खातं उघडा आणि नवी साइट सुरू करताना कोरी साइट निवडा. तयार टेम्प्लेटचा मोह होईल. पहिल्या पानासाठी तो टाळा, कारण त्यात दुसऱ्याने दिलेले शेकडो क्लास (स्टाइलला दिलेली नावं, पुढे येतीलच) असतात आणि एका ठिकाणचा रंग बदलला की भलतीकडे बदलतो. का बदलला ते नव्या माणसाला कळत नाही.

पडद्याचे तीन भाग लक्षात ठेवा. डावीकडे नवीन वस्तू घालायची पट्टी आणि नॅव्हिगेटर (पानावरच्या वस्तूंची यादी), मधे प्रत्यक्ष पान, उजवीकडे स्टाइलची पट्टी. नवे लोक मधल्या भागावर क्लिक करून वस्तू निवडायला बघतात आणि भलतीच निवडली जाते. नॅव्हिगेटर उघडा ठेवा, तिथल्या यादीतून निवडत जा. निम्मी चिडचिड तिथेच संपते.

डबे, क्लास, अंतर

वेबपेज म्हणजे डब्यात डबा, त्यात आणखी डबे. सेक्शन म्हणजे आडवा सबंध पट्टा, त्यात मजकूर मधोमध धरणारा कंटेनर, त्यात डिव्ह ब्लॉक, त्यात मथळा, फोटो, बटण. संत्र्याच्या पेटीत पुठ्ठ्याचे खण असतात तसंच: खण नीट असले तर फळं हलत नाहीत. म्हणून आधी पाच सेक्शन घाला, प्रत्येकात एक कंटेनर, आणि मगच मजकूर.

डब्याला आतून सोडलेली जागा म्हणजे पॅडिंग, बाहेरून सोडलेली मार्जिन. दोन वस्तूंत अंतर पाडायला रिकाम्या ओळी किंवा रिकामे डबे टाकू नका, फोनवर त्यांचा पसारा होतो. एकाशेजारी एक मांडायचं असेल तर बाहेरच्या डब्याचा डिस्प्ले फ्लेक्स करा आणि मधलं अंतर गॅपने द्या.

क्लास ही गोष्ट मात्र नीट समजून घ्या. एका बटणाला हिरवा रंग दिला, गोल कडा दिल्या आणि त्याला 'बटण-मुख्य' असा क्लास दिला, की पुढच्या प्रत्येक बटणाला तोच क्लास लावायचा. उद्या हिरव्याचा केशरी करायचा झाला तर एका जागी बदलला की सगळीकडे बदलतो. क्लासचं नाव मात्र प्रत्यक्षात रोमन अक्षरांत लिहा, इथे वाचायला सोपं म्हणून देवनागरीत दिलं आहे. आणि क्लास लावलेल्या बटणाच्या त्याच खणात आणखी एक नाव टाइप केलं की जोडक्लास बनतो. तो मुद्दाम हवा असेल तेव्हा उपयोगी आहे, चुकून झाला तर डोकेदुखी. बदल करण्याआधी वरच्या खणात नेमकं कोणतं नाव निळं आहे ते बघायची सवय लावा.

मराठी अक्षर

साइट सेटिंगमध्ये फॉन्टचा भाग आहे. तिथून गूगल फॉन्ट्समधला मुक्त किंवा नोटो सॅन्स देवनागरी घ्या. मुक्त हा मुंबईच्या एक टाइपचा फॉन्ट आहे, फोनवर स्वच्छ दिसतो. साधा आणि ठळक अशी दोनच वजनं घ्या, कारण प्रत्येक वजन म्हणजे उतरवायची आणखी एक फाइल.

ओळीची उंची इंग्रजीच्या सवयीने १.२ ठेवली तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकांत घुसतात. मजकुराला १.६, मथळ्याला १.३ ते १.४ ठेवा. अक्षरांमधलं अंतर वाढवायची सोय देवनागरीला अजिबात लावू नका, शिरोरेषा तुटते. त्याच सेटिंगमध्ये पानाच्या भाषेचा संकेत विचारला जातो, तिथे मराठीचा 'एमआर' हा दोन रोमन अक्षरांचा संकेत टाका. काही फॉन्ट त्यावरून 'ल' आणि 'श' मराठी वळणाचे दाखवतात, नाहीतर हिंदी वळणाचे येतात. अंध वाचकाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही यावरूनच भाषा ओळखतं.

फोटो

फोनने काढलेला एक फोटो तीन-चार एमबीचा असतो. असे सहा टाकले की शेतात उभ्या माणसाचं पान उघडतच नाही. गूगलचं स्क्वूश नावाचं साधन ब्राउझरमध्येच चालतं, तिथे रुंदी १२०० पिक्सेल करा, प्रकार वेबपी निवडा आणि फाइल दीडशे-दोनशे केबीवर आणा. डोळ्याला फरक कळत नाही.

फोटो कशाचे घ्यायचे हे त्याहून महत्त्वाचं. नर्सरीच्या फाटकाचा आणि मालकाच्या सत्काराचा फोटो गिऱ्हाईकाला काही सांगत नाही. कलम-जोडाचा जवळून फोटो घ्या, शेजारी पट्टी उभी धरून. डोळा जमिनीपासून २५ ते ३० सेंटिमीटरवर भरलेला असावा असं तज्ज्ञ सांगतात. पट्टी दिसली की तोंडाने सांगायची गरज उरत नाही. एक फोटो पिशवी फाडून दाखवलेल्या मुळांचा. प्रत्येक फोटोच्या सेटिंगमध्ये ऑल्ट टेक्स्टची, म्हणजे फोटो न दिसणाऱ्यासाठी वर्णनाची, जागा असते, तिथे 'जंबेरी खुंटावरचं नागपूर संत्र्याचं कलम' असं सरळ लिहा.

फोनवर कसं दिसतं

वरच्या पट्टीत पडद्यांच्या आकारांची चिन्हं आहेत. वेबफ्लोमध्ये मूळ मांडणी डेस्कटॉपची, त्याखाली ९९१, ७६७ आणि ४७८ पिक्सेल असे टप्पे. वरच्या टप्प्यावर केलेला बदल खाली झिरपतो, खालचा वर जात नाही. म्हणजे डेस्कटॉपवर तीन फोटो शेजारी ठेवा, ४७८ वर या आणि तिथे फ्लेक्सची दिशा आडवीची उभी करा. मथळा मोठा वाटला तर तिथेच लहान करा. पडद्याप्रमाणे आकार बदलणाऱ्या मांडणीला रिस्पॉन्सिव्ह म्हणतात, एथन मार्कोटने २०१० मध्ये हे नाव रूढ केलं.

आपलं गिऱ्हाईक जवळजवळ सगळं फोनवरच येणार, म्हणून रोज काम सुरू करताना ४७८ चा टप्पा आधी उघडून बघा. बटणाची उंची निदान ४४ पिक्सेल ठेवा. अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक ४.५ ला १ पेक्षा कमी नको, रंग निवडताना वेबफ्लो हे प्रमाण स्वतःच दाखवतं. फिकट राखाडी अक्षरं ऑफिसात छान दिसतात, मे महिन्यातल्या वरुडच्या उन्हात कोणी वाचू शकत नाही.

आता हालचाल

इथून पानात जीव येतो. पहिला टॅब. वस्तूंच्या पट्टीतून टॅब्स ओढून आणा, दोन ठेवा, नावं द्या '६ × ६ मीटर' आणि '६ × ३ मीटर'. पहिल्याच्या पोटात लिहा: एकरी साधारण ११२ कलमं, हेक्टरी २७७. दुसऱ्याच्या पोटात: एकरी साधारण २२५, हेक्टरी ५५५, दाट लागवड. हिशोब सोपा आहे, एकराचे ४०४७ चौरस मीटर, त्याला ३६ ने किंवा १८ ने भागायचं. नव्या मुलांना इथे गणकयंत्र बसवायची घाई असते, एकर टाका आणि उत्तर मिळवा. त्याला कोड लागतो. एक, दोन, पाच आणि दहा एकरांचा छोटा तक्ता टॅबमध्ये दिला की तेच काम भागतं, आणि शेतकऱ्याला टाइप करावं लागत नाही.

दुसरी वस्तू, प्रश्न दाबला की उत्तर उघडणं. तयार ड्रॉपडाउन वापरता येतो, पण हाताने एकदा करून बघा. एक डिव्ह घ्या, क्लास 'प्रश्न-डबा'. त्यात दोन डिव्ह: 'प्रश्न' आणि 'उत्तर'. प्रश्नात मजकूर, उत्तरात मजकूर. आता 'प्रश्न' निवडा, इंटरॅक्शनची पट्टी उघडा, क्लिकचा ट्रिगर लावा. पहिल्या क्लिकला 'उत्तर' दिसावं, दुसऱ्या क्लिकला लपावं. पट्ट्यांची मांडणी आवृत्तीगणिक बदलते, पण ठरवायचं तेच असतं: काय दाबलं, कशावर परिणाम, कसा परिणाम आणि किती वेळात.

घोळ दोन ठिकाणी होतो. एक, 'उत्तर' हा क्लास सगळ्या उत्तरांना सारखाच आहे, त्यामुळे नुसता क्लास निवडला तर एक प्रश्न दाबल्यावर सगळी उत्तरं एकदम उघडतात. परिणाम शेजारच्याच, म्हणजे त्याच डब्यातल्या उत्तरापुरता मर्यादित ठेवायचा पर्याय तिथेच असतो, तो निवडा. दोन, उत्तराची सुरुवातीची स्थिती 'लपलेली' अशी सांगावी लागते. ती स्टाइलमध्ये न देता इंटरॅक्शनमध्येच सुरुवातीची स्थिती म्हणून द्या, नाहीतर काम करताना उत्तर तुम्हालाच दिसणार नाही आणि मजकूर सुधारता येणार नाही. वेळ २०० ते ३०० मिलिसेकंद पुरे. अर्ध्या सेकंदाच्या वर गेला की पान मंद वाटतं. पहिला डबा नीट चालला की त्याची प्रत काढत जा, इंटरॅक्शन क्लासवर लावलेलं असेल तर प्रतींवरही चालतं.

माउस वर नेला की रंग बदलणं, मजकूर वर येणं याला हॉवर म्हणतात. फोनवर माउस नसतो. हॉवरवर फक्त सजावट ठेवा, भाव किंवा माहिती त्यामागे कधीही लपवू नका.

तिसरी वस्तू व्हॉट्सॲपचं बटण. बटण निवडून लिंकच्या खणात डब्ल्यूए डॉट एमई, तिरपी रेघ, मग ९१ आणि लगेच दहा आकडी नंबर टाका. अधिकचं चिन्ह, सुरुवातीचं शून्य, मधली जागा यातलं काही नको. त्यापुढे प्रश्नचिन्ह, 'टेक्स्ट' हा शब्द रोमन अक्षरांत, बरोबरचं चिन्ह आणि मराठी मजकूर जोडला की संदेश आधीच टाइप झालेला येतो: 'नमस्कार, मला संत्रा कलमं पाहिजेत. गाव: एकर:' गिऱ्हाईकाला नुसते दोन शब्द भरावे लागतात, आणि मालकाला पहिल्याच संदेशात गाव आणि क्षेत्र कळतं. नंबर व आकडे तपासायला ही लिंक दुसऱ्याच्या फोनवरून उघडून बघा.

शेजारी फोनचं बटण द्या, लिंकच्या प्रकारात फोन हा पर्याय असतो. पत्त्यासाठी नकाशा पानात बसवू नका, जड होतो. गूगल मॅप्सवर नर्सरीच्या फाटकाशी पिन टाकून त्याची लिंक बटणाला द्या आणि खाली माणसाच्या भाषेत वाट लिहा: बस स्टॉपवरून कॅनॉलच्या रस्त्याने, शाळा डाव्या हाताला ठेवून.

फॉर्मबद्दल थोडक्यात. फुकट खात्यात फॉर्म मोजकेच भरून घेता येतात, आणि व्हॉट्सॲप असताना फॉर्म भरायला कोणी बसत नाही. तरी ठेवलाच तर नाव, गाव, नंबर एवढंच विचारा. आधार क्रमांक किंवा सातबारा कलमं विकायला लागत नाही. लोकांची माहिती जपायची जबाबदारी २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने घेणाऱ्यावर टाकली आहे.

प्रकाशन आणि तपासणी

पब्लिश दाबलं की वेबफ्लोच्या नावाखालचा फुकट पत्ता मिळतो. पहिला हंगाम त्यावरच काढा. स्वतःचं डोमेन घ्यायचं तर डॉट इन घ्या. डॉट भारत देवनागरीत २०१४ पासून मिळतं, हौस म्हणून छान आहे, पण फोनवर पत्ता सांगताना समोरचा रोमनमध्येच टाइप करतो. स्वतःचं डोमेन जोडायला वेबफ्लोचा पैशाचा प्लॅन लागतो, हे मालकाला आधीच सांगून ठेवा.

तपासताना आपला चांगला फोन बाजूला ठेवा. घरातला जुना अँड्रॉइड घ्या, वायफाय बंद करा, उन्हात उभे राहा. लॅपटॉपवर क्रोमच्या डेव्हलपर टूल्समध्ये नेट मुद्दाम मंद करायची सोय आहे, तीही वापरा. मग ज्याने कधी हे पान पाहिलं नाही अशा काकांच्या हातात फोन द्या आणि म्हणा, "दोन एकरासाठी किती कलमं लागतात ते बघा बरं." मधे बोलू नका. ते टॅब दाबायचे सोडून फोटोच दाबत बसले तर टॅब टॅबसारखा दिसत नाही असा अर्थ. त्याला कड द्या, निवडलेल्याचा रंग गडद करा, पुन्हा दुसऱ्याच्या हातात द्या.

भाव आणि शिल्लक पानावर लिहायची असेल तर शेजारी तारीख लिहा, आणि ती बदलणार कोण हे मालकाशी आधीच ठरवा. कोणीच बदलणार नसेल तर भाव लिहू नका, 'आजचा भाव व्हॉट्सॲपवर विचारा' एवढं पुरे. सप्टेंबरनंतर लागवड सरली की वरच्या पट्टीत 'या हंगामाची बुकिंग बंद' असा मजकूर टाका. तो डबा आत्ताच करून ठेवा आणि लपवून ठेवा, म्हणजे त्या दिवशी फक्त दाखवायचा असेल. आणि सगळा मजकूर, मूळ फोटो एका पेनड्राइव्हवर उतरवून नर्सरीच्या गल्ल्यात ठेवा, कारण फुकट खात्यातून पान उचलून दुसरीकडे नेता येत नाही.